बावीस मुलं, सात टायर

मित्रांनो, मी सायकलचा एक जुना टायर आहे. अंगावरचा पिवळा रंग पाहून मला खेळकर समजू नका. मी फार भित्रा आहे.

माझी उमेदीची वर्षं कल्याणजवळच्या मोहने गावात गेली. काळुराम दूधवाला मला रोज पळवायचा. खड्डे असत, मागून ट्रक येत. पण त्याचा हात हँडलवर घट्ट असे, म्हणून भीती वाटत नसे. "टायर दणकट आहे," असं तो कौतुकानं सांगायचा. मग त्यानं स्कूटर घेतली आणि मी कल्याणला प्रशांतच्या पंक्चरच्या दुकानात खिळ्यावर लटकलो. थंडीत रिक्षावाले समोर शेकोटी पेटवत आणि खिळ्यावरचा एखादा टायर त्यात जाई. तो काळा धूर अंगाला लागला की वाटे, उद्या माझी पाळी!

एका सकाळी सुमेधाबाई आल्या. विठ्ठलवाडीजवळच्या एका शाळेत त्या तिसरीला शिकवत.

"दादा, सात जुने टायर द्याल?"

"शाळेत टायर कशाला, बाई?"

"भागाकार शिकवायचाय."

"टायरनं?" प्रशांत हसला. "आमच्या वेळी छडीनं शिकवायचे."

बाईंनी आम्हांला रंगवलं आणि मैदानात मांडलं. त्या शिट्टी वाजवून "तीन-तीन!" असं ओरडत. मुलं धावत येऊन एकेका टायरात तिघं-तिघं उभी राहत. वर्गात बावीस मुलं. सातही टायर भरले की एक जण बाहेर राही.

"बावीस भागिले तीन?"

"सात!"

"आणि बाकी?"

"एक!"

बाकी राहिलेल्यानं मैदानाला फेरी मारायची, असा नियम होता. भागाकाराला घाबरणारी मुलं हसत हसत शिकू लागली.

दक्षता मात्र घाबरतच राहिली. ती दिवाळीनंतर शाळेत आलेली, अबोल मुलगी. तिची आई मालू मासळी विकायची. वर्गात दक्षताचा हात कोणी धरत नसे. ती टायरापर्यंत पोचेपर्यंत तो भरलेला असे. माझ्या कडेला लागलेला तिचा पाय हळूच मागे जाई. ती फेरी मारू लागली की मुलं टाळ्या पिटत, "बाकी! बाकी!"

त्या शनिवारी ती पुन्हा पुन्हा उरली. खेळ संपल्यावर मुलांनी आम्हांला सामानाच्या खोलीत रचलं. दक्षता मला घेऊन आत आली आणि बाहेर गेलीच नाही. ढिगामागे मला आडवा टाकून ती माझ्यात पाय मुडपून बसली. शिपाई गुणाजीकाकांनी आत न बघताच पत्र्याचं दार ओढलं आणि कुलूप लावलं.

गुडुप अंधार झाला. खोलीला खिडकी नव्हती. शाळा सुटतच होती आणि उद्या रविवार! कोपऱ्यात उंदीर खुडबुडला. तिचे घामेजलेले तळवे माझ्या रबराला चिकटत होते. मला ओरडायचं होतं. पण टायरला तोंड कुठलं?

बाहेर मुलं घरी जायला जोड्या लावत होती. वर्गातल्या सुशांतचा आवाज आला, "बाई, मला जोडीच नाही!"

"कोणीतरी लवकर गेलं असेल रे."

"कोणी नाही गेलं, बाई. खेळात आपण बावीस होतो. बावीस भागिले दोन, अकरा. बाकी शून्य. मग मी कसा उरलो?"

बाई भराभर मुलं मोजू लागल्या, ते आत ऐकू आलं. मग त्या ओरडल्या, "दक्षता कुठाय?"

धावपळ सुरू झाली. कोणी नळाकडे पळालं, कोणी फाटकाकडे. "दक्षता! ए दक्षता!" मालूही येऊन पोचली होती. "बाई, माझी पोर कुठंय हो?"

दक्षतानं तोंडावर हात दाबून धरला. "आई मारेल," ती पुटपुटली. हाका रस्त्याच्या दिशेनं लांब गेल्या. शेकोटीसमोरही मी इतका घाबरलो नव्हतो.

दाराजवळ मात्र कोणीतरी मुसमुसत होतं. "दक्षता, ये ना गं! मी एकटाच उरलोय."

ती उठली. तिला ओ द्यायची होती, पण आवाजच फुटेना. तिनं मला उचललं आणि दारावर फेकलं. धाड! पुन्हा उचललं. धाड! पत्रा दणाणला.

"बाई, इथे! इथे आहे ती!" सुशांत किंचाळला.

गुणाजीकाकांनी धावत येऊन कुलूप काढलं. दार उघडताच मालूनं पोरीला उराशी धरलं. तिनं मारलं नाही. सुमेधाबाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझा खेळ चुकला गं, बाळा."

सोमवारी नियम बदलला. जो बाकी राहील त्याला शिट्टी मिळेल आणि पुढचा आकडा तोच सांगेल. पहिल्याच डावाला दक्षता उरली. गळ्यात शिट्टी अडकवून तिनं समोरच्या एकवीस मुलांकडे पाहिलं. ओठांतल्या ओठांत भागाकार केला. मग शिट्टी वाजली.

"सात-सात!"

एकेका टायरात सातजण कसे मावणार? प्रत्येकानं एकच पाय आत ठेवला. ढकलाढकली झाली, हसून हसून पोट दुखलं, तीन टायर भरले आणि बाहेर कोणीच उरलं नाही.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. खोलीला कुलूप लावण्याआधी आत वाकून बघा, हाक मारा. आणि हाक मारली की लगेच वळू नका. घाबरलेल्या मुलाला ओ द्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ दारात थांबा.