त्रेसष्ट मांगूर

पाकिनने गाडी थेट विहाराच्या घाटावर आणून लावली आणि मागचं फळकूट खाली पाडलं, तेव्हाच मला वास आला. दोन निळ्या पिंपांत मांगूर मासे वळवळत होते.

"किती आणलेस?"

"त्रेसष्ट. बाबांचं वय अधिक एक."

आमच्याकडे तसंच करतात. वयापेक्षा एक जीव जास्त सोडायचा, म्हणजे पुढचं वर्ष बघायला मिळतं. माझ्या पोराने काही जगावेगळं केलं नव्हतं. नान शहराच्या बाजारात ज्यांच्यावर सुरा चालणार होता, त्यांना त्याने सोडवून आणलं होतं. नऊ वाजता इस्पितळात त्याच्या बापाची छाती उघडणार होते, आणि आता सव्वाआठ झाले होते.

पण हा डोह माझ्या पहाऱ्यातला. बावीस वर्षांपूर्वी लोक सुरुंग उडवून मासे मारत, नदीत बोटभर मासाही उरला नव्हता. तेव्हा इन्सोनने, माझ्या नवऱ्याने, भंतेंना बोलावून एवढा डोह पवित्र करून घेतला. काठच्या झाडांना भिक्खूंची चीवरं बांधली आणि स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: इथे मारू नका. खाली दुसरी ओळ: बाहेरचं काही सोडू नका. त्या दुसऱ्या ओळीला सगळं गाव हसलं होतं. मग खालच्या गावाने पुण्य म्हणून आपल्या डोहात मांगूर सोडले. तीन पावसाळ्यांत तिथे मांगुराशिवाय काही दिसेना, आणि हसणारे गप्प झाले. आमच्या डोहातून बाहेर पडणाऱ्या माशांवर आज सात गावं जेवतात.

"हे इथे नाही सोडायचे," मी म्हणाले.

"आई, पाटी मला पाठ आहे. आजच्या दिवस नको ना!"

"डोहातल्या महाशीर माशांची पिल्लं नुकतीच बाहेर आलीत. हे मांगूर एक पिल्लू ठेवायचे नाहीत."

"तुला बाबांपेक्षा मासे जास्त झाले?"

कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, कारण माझाच हात त्या पिंपाच्या कडीवर होता. भीत होते मी. इन्सोनचं काही बरंवाईट झालं, तर हे त्रेसष्ट मासे जन्मभर माझ्या छातीवर बसणार, हे मला दिसत होतं.

काठी टेकत भंते घाट उतरून आले. पाकिनने गुडघे टेकले. "भंते, तुम्ही तरी समजवा हिला."

भंतेंनी पिंपात डोकावून पाहिलं. "बाजारात परत नेले तर यांना कापतील."

"आणि डोहात सोडले तर?" मी विचारलं.

"तर हे आतल्यांना खातील." एवढं बोलून ते पायरीवर बसले. "पहारा तुझा आहे, सेंगला. तू ठरव."

मला त्यांचाही राग आला. पायरीवर बसून बोलायला काय जातं!

तेवढ्यात फोन वाजला. इन्सोनच होता. मी मुद्दाम स्पीकर लावला. आम्ही एकाच आळीत वाढलेलो, आमचं पहिल्यापासून अरे-तुरे, आणि त्याचं तोंड मला चांगलं ठाऊक. म्हटलं, ऐकू दे पोराला बापाच्या शिव्या.

"अरे, पाकिनने मांगूर आणलेत. डोहात टाकतो म्हणतोय."



"सोड," तो म्हणाला.

"काय?"

"सोड ते, सेंगला. मला भीती वाटते गं."

उभ्या जन्मात हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. सुरुंगवाल्यांसमोर हाच माणूस नुसता बांबू घेऊन उभा राहिला होता. पाकिन हुंदके देत पिंप ओढायला लागला. मी पिंपावर पाय रोवला. पलीकडून नर्स म्हणत होती, "आजोबा, ठेवा आता फोन."

"सोडलेस?" त्याने विचारलं.

पाण्यात, पायरीलगत, तांदळाएवढी पिल्लं थव्याने सरकत होती.

"सोडले," मी म्हणाले.

"गेले?"

"गेले. पोहत गेले सगळे."

फोन बंद झाला.

"झाकण लाव," मी पाकिनला म्हणाले. "घरामागे सिमेंटच्या दोन टाक्या आहेत. जाळी बांधू वरून, नाहीतर हे सरपटत नदी गाठतील." मग भंतेंकडे वळले. "चौथं शील मोडलं मी, खोटं बोलले."

"ऐकलं मी. ते मागाहून बघू. आधी पाणी बदल त्यांचं, गुदमरतायत."

दुपारी दोन वाजता निरोप आला. वाचला होता. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडले. पाकिन मात्र माझ्याशी न बोलताच बँकॉकला गेला.

बाराव्या दिवशी इन्सोन आला. घरात पाऊल न टाकता आधी घाटावर गेला. मी माशांसाठी भाताचा गोळा हातात दिला, तो त्याने पाण्यात टाकलाच नाही. पिल्लं आता करंगळीच्या नखाएवढी झाली होती.

"किती दिवस टिकणार ही?" तो म्हणाला. "एवढी वर्षं जपलं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मीच सांगितलं, सोड." तोंड झाकून तो रडायला लागला. टाके दुखत होते, तरी थांबेना.

मला ते बघवेना. दंडाला धरून त्याला घरामागे नेलं आणि टाकीवरची जाळी उचलली. काळी डोकी भराभर वर आली.



"खोटारडी," तो म्हणाला.

"हो."

"मरायला टेकलेल्या माणसाशी खोटं बोललीस?"

"हो."

"आणि मेलो असतो तर?"

"तर जन्मभर रडले असते. घाटावर बसून रडले असते, पाण्यात मासे बघत."

मला वाटलं, आता जाळी फेकून देईल. त्याने खाली वाकून पाण्यात बोट बुडवलं. एका मांगुराने ते चोखून पाहिलं.

"जगतात किती गं हे?"

"नीट पोसले तर आठ-दहा वर्षं. आधाशी मेले, दोन वेळा लागतं."

मी खाण्याचं भांडं उचललं. त्याने हात पुढे केला.

"दे इकडे. माझ्या नावाचे आहेत ते."