वय वर्षे बावन्न

शेती अनुदानाच्या कार्यालयात तपासनीसबाईंचा दरारा असा की, खोटा अर्ज घेऊन आलेला माणूस त्यांना खिडकीत पाहिल्याबरोबर पाणी प्यायला म्हणून जायचा आणि परत यायचाच नाही. संगणकाने अडवलेल्या फायली त्यांच्याच टेबलावर यायच्या, आणि बाई त्या अर्जदारांची भीडभाड न ठेवता बिनपाण्याने हजामत करायच्या.

त्या दिवशी संगणकवाला हसतच फाईल घेऊन आला.

"बाई, गंमत बघा. जमिनीच्या तीन वारसांपैकी एक बाई वारली म्हणून लिहिलंय, आणि यंत्र म्हणतंय तिचा पगार चालू आहे. तोही आपल्याच खात्यात! मेल्यावरही सुटका नाही म्हणजे."

बाईही हसल्या. मग त्यांनी नाव वाचलं. माहेरचं होतं, म्हणून त्याला ओळखू आलं नव्हतं. मेलेली बाई म्हणजे त्याच होत्या.

 आपल्याला का मारलं, ते त्यांना लगेच कळलं. खात्यातला माणूस ज्या जमिनीत वाटेकरी, त्या जमिनीला अनुदान नाही, हा नियम बाई स्वतःच दिवसातून दहादा लोकांना ऐकवायच्या. अर्ज भावाचा होता. अहो, नुसतं विचारलं असतं, तर हक्क सोडल्याचा कागद बाईंनी उभ्या उभ्या लिहून दिला असता!

भाऊ पहिल्यापासूनच उपद्व्यापी. आईला बिचारीला यातलं काय माहीत, असं मनाशी म्हणत त्यांनी पान उलटलं. मृत्यूची साक्षीदार म्हणून आईचीच सही होती.

फसवून घेतली असेल. चष्मा नसेल डोळ्यांवर. पण आईने तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. पोस्टाची पावतीसुद्धा दोनदा वाचल्याशिवाय ती सही करत नसे. तेवढ्यात बाईंची नजर वयाच्या रकान्यावर गेली. भावाने एक्कावन्न लिहिलं होतं. ते एका सरळ रेघेने खोडून वर बावन्न केलेलं, आणि शेजारी आईची छोटी सही. हजेरीपटात करायची तश्शी.

 बाईंनी तिथूनच आईला फोन लावला.

"अगं, कागदावरच तर," आई म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर नियम काढून बसली असतीस. दादाचं काम अडलं असतं."

"आणि वय, आई?"

"ते त्यानं चुकवलं होतं. माझ्या लेकीचं वय मला माहीत नाही होय?" आवाजात चक्क अभिमान होता. "बरं, जेवलीस का?"

 बाईंनी फोन ठेवला.

अर्ज मंजूर केला, तर आपल्याच हाताने आपल्याला संपवायचं. नामंजूर केला, तर खोट्या साक्षीसाठी म्हातारीला नोटीस. बाई बराच वेळ त्या 'बावन्न'कडे बघत राहिल्या. किती सुबक अक्षर! पाटीवर याच अक्षराने त्यांना लिहायला शिकवलं होतं.

शेवटी त्यांनी शेरा लिहिला: 'अर्ज नामंजूर. सदर वारस हयात आहे. प्रत्यक्ष पाहून खात्री केली.' खाली सही केली आणि फाईल पुढे सरकवली.

संगणकवाल्याने कागद उजेडात धरला, बाईंच्या सहीच्या नमुन्याशी ताडून पाहिला आणि मान हलवली.

"बाई, ही सही तुमची वाटत नाही. पुन्हा करता का?"