चकचकीत बाजू

एकवीसपैकी एकोणीस सीड्या चालत नव्हत्या. मी भौतिकशास्त्र शिकले आहे, त्यामुळे मला हा आकडाच खटकला. सीडीवर ध्वनिमुद्रण उतरवताना माणसाचा हात चुकला, तर कुठे एक बिघडते, कुठे दोन. एकोणीस एकदम बिघडल्या, म्हणजे त्या सगळ्यांच्या वाट्याला एकच काहीतरी आलं होतं आणि उरलेल्या दोन त्यातून सुटल्या होत्या.

पण आबांनी आकड्याचा विचारच केला नाही. त्यांनी सरळ तौसीफभाईंचं नाव घेतलं.

आमचं केंद्र सांगलीत, हळदीच्या पेठेमागे आहे. दृष्टिहीन मुलांची बारावीची पुस्तकं मी मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करते. तौसीफभाई त्याचे धडे वेगळे करतात, जोडतात आणि सीडीवर उतरवतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांचा संगणक पडद्यावरचा शब्द न् शब्द बोलून दाखवतो, तोही इतक्या वेगाने की मला त्यातलं निम्मं कळत नाही. सीडी तयार झाली की संगणक ती मूळ फाइलींशी ताडून बघतो आणि चुका किती ते सांगतो. त्यावर भाई स्वतः पहिला आणि शेवटचा धडा ऐकतात. मगच सीडीच्या पांढऱ्या बाजूवर ब्रेलची पट्टी चिकटते. जतकडच्या वाड्यावस्त्यांवर घरात फोन एकच, तोही बापाच्या खिशात. म्हणून मुलांना मोठ्या बटणांचे प्लेअर आणि सीड्या.

सीड्या वाटायचा कार्यक्रम झाला, त्यानंतर तिसऱ्या दिवशी जतहून प्रांजलचा फोन आला. तिच्या आईने लावून दिला होता. "ताई, प्लेअर म्हणतोय डिस्कच न्हाई. मी धा-बारा येळा घातली." संध्याकाळपर्यंत आणखी आठ फोन आले; उरलेल्या मुलांना आम्हीच फोन केले, तेव्हा आकडा एकोणीसवर गेला.

आबा म्हणजे मानसिंगराव, केंद्राचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मी यायच्या आधीच तौसीफभाईंना बोलावून एका कागदावर सही घेतली. सीड्या परत मागवायच्या आहेत, त्याची पोच आहे, असं त्यांना सांगितलं. भाई सही पुठ्ठ्याच्या खाचेत पेन धरून करतात. आबांनी तो पुठ्ठा स्वतः जागेवर ठेवून दिला. मी आले तेव्हा भाईंनी त्या कागदाची प्रत माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "पोचंला एवढ्या ओळी कशाला लागत्यात गं? सही करताना बोटाला पेनाचे वळ लय वरपर्यंत लागले."

मी त्यांना वाचून दाखवलं. दृष्टिदोषामुळे माझ्या हातून सीड्या सदोष निघाल्या, मला चूक मान्य आहे, यापुढे हे काम बाहेरच्या दुकानाकडे द्यावे, मी फोन घेण्याचे काम करीन. खाली त्यांची सही. पुण्याच्या देणगीदारांना त्याचा फोटो तेवढ्यात गेलाही होता.

भाईंनी प्रतीची घडी घातली. मग म्हणाले, "अकरा वर्षांत एक सीडी परत आली न्हाई. आता फोन उचलायचं." वाचता न येणाऱ्या माणसाकडून त्याच्याच नावाने खोटं लिहून घ्यायचं, तेही वाचून दाखवण्यासाठी काढलेल्या केंद्रात.

त्या दिवशी दुपारी प्रांजलच्या आईने एसटीच्या कंडक्टरकडे पाठवलेली सीडी मी स्टँडवरून आणली. पाकिटातून काढली आणि तिथेच उभी राहिले. चकचकीत बाजूवर, अगदी मधल्या भोकाला लागून, हळदीकुंकवाचं बोट उमटून वाळलं होतं.

मला सगळं आठवलं. आमच्याकडे ट्रॅक्टर येवो, बोअरला पाणी लागो, नवीन वस्तू हळदीकुंकू लागल्याशिवाय वापरात जात नाही. कार्यक्रमात आबांनी सीड्या पाकिटातून काढून ताटात मांडायला सांगितल्या. पांढरी बाजू काय दाखवायची, चमकणारी वर करा, फोटोत बरी दिसते, असं म्हणाले. मी एकेक उलटी केली. मग आबांच्या पत्नी लीलाबाईंनी बोट ओलं करून प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं, कपाळाला लावावं तसं, मधोमध. सीडी वाचणारा प्लेअरचा लेझर किरण त्याच बाजूने आत जातो. सीडीवर काय काय आहे त्याची यादी भोकाजवळच असते. ती वाचता आली नाही की प्लेअरच्या दृष्टीने सीडी नसतेच. कडेला बोट लागलं असतं तर काही बिघडलं नसतं. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. मी ताट धरून हसत उभी होते, कारण फोटो निघत होता.

चाललेल्या दोन सीड्या कार्यक्रमाला न आलेल्या मुलांना नंतर पोस्टाने गेल्या होत्या.

मी आणि भाई आबांपुढे गेलो. मी सीडी आहे तशी प्लेअरमध्ये घातली. डिस्क नाही. मग ती पाण्याने धुतली, मऊ फडक्याने आतून बाहेर सरळ पुसली आणि पुन्हा घातली. माझ्याच आवाजात इतिहासाचा पहिला धडा सुरू झाला. आबांनी तो अर्धा मिनिट ऐकला आणि बटण दाबून बंद केला.

ते चिडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, मुलांना धुवायला सांगा, झालं काम. कागद मात्र आता गेलाय, तो राहू दे. पुण्याला दुसरं काही लिहायचं म्हटलं तर लीलाबाईंचं नाव येणार. पूजेमुळे बिघडलं असं लिहिलं तर गाव तोंडात शेण घालेल. तौसीफला काय, पगार तोच आहे, फोनपाशी पंखाही आहे.

"आबा," भाई म्हणाले, "तुमच्या घरच्यांचं नाव नगं. माझं चालतंय व्हय?"

"तसं न्हाई रं. तुझं कुणी मनावर घेत न्हाई. समजून घेत्यात."

"त्येच नगं हाय मला."

मी म्हटलं, लीलाबाईंचं नाव नकोच, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माझं लिहा. उलट्या मी केल्या, माहीत असून. आबा माझ्याकडे बघत म्हणाले, मग उद्यापासून तू पण येऊ नकोस. मी बरं म्हटलं.

भाई उठले आणि भिंतीला हात लावत त्यांच्या खोलीत गेले. मी मागोमाग. त्यांनी कोरी सीडी काढली. संगणकाने प्रत्येक सीडी ताडून बघितल्याची नोंद तारखेसकट ठेवलेली असते. त्या एकवीस नोंदी त्यांनी एका फोल्डरमध्ये घेतल्या, चुका शून्य, एकवीस वेळा. मला आधी त्यांच्या सहीचा कागद माइकपुढे वाचायला लावला, शब्दन् शब्द, आणि सही कशी घेतली तेही सांगायला लावलं. ही सीडी पुण्याला जाणार होती आणि एकवीस मुलांना. शिवाय तिच्यात सीडी धुवायची रीतही सांगायची होती.

"आता तुझं बोल," ते म्हणाले.

दारात आबा येऊन उभे होते. म्हणाले, क्रांती, नीट विचार कर, तुला अजून अनुभवाचं सर्टिफिकेट घ्यायचंय माझ्याकडनं. भाईंनी कानावरचे हेडफोन काढले नाहीत. मी बोलले: कार्यक्रमाच्या दिवशी सीड्या मी उलट्या केल्या, त्या बाजूला हात लावायचा नसतो हे मला माहीत होतं, मी काही बोलले नाही.

भाईंनी ते मागे नेऊन ऐकलं.

"शेवटचं वाक्य पुटपुटलीस," ते म्हणाले. "परत बोल. पोरांना स्पष्ट ऐकायची सवय हाय."