फुलीचा घोळ

मी डबा बोलतोय. बिस्किटांचा, पत्र्याचा. नाक मुरडू नका. मतपेटी म्हणून मी एका दुपारी जे पाहिलं, ते भल्याभल्या कुलूपबंद पेट्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. त्यांच्या पोटात एकाच देशाची मतं पडतात. माझ्या पोटात नऊ जणांनी मत टाकलं आणि प्रत्येकानं सोबत आपापला देशही कोंबला.

जन्म कारखान्यातला. झाकणावर गुलाब, आत बिस्किटांचे तीन थर. एका वाढदिवसाला ते दहा मिनिटांत फस्त झाले, आणि आता आपण भंगारात जाणार म्हणून मी हबकून गेलो. तेवढ्यात मावशीनं मला उचललं. मावशी म्हणजे एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात उसवलेल्या चादरी आणि अभ्रे शिवणारी बाई. तिनं माझ्यात दोऱ्याची रिळं ठेवली, सुया ठेवल्या आणि खोकल्याच्या गोळ्या ठेवल्या. आठ वर्षं मजेत गेली.

गोळ्यांचं प्रमाण मात्र वाढत गेलं. धुलाईघरात दिवसभर वाफ असते आणि मावशीची छाती त्या वाफेला कंटाळली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, वाफेतून बाहेर पडा, नाहीतर काम सोडा. काम सोडलं असतं तर मावशीला बहिणीच्या घरी जाऊन राहावं लागलं असतं, आणि बहिणीशी तिचं दोन दिवसांच्या वर पटत नसे. तिच्या नशिबानं तेव्हाच जुने मुकादम निवृत्त झाले. मुकादमाला काचेची खोली असते. तिथे वाफ जात नाही. मावशीनं घाबरत घाबरत आपलं नाव दिलं.

दुसरं नाव बॉयलरवाल्या भाऊंचं. भाऊ बॉयलरपेक्षा मोठ्यानं बोलत. वर्षभर ते ज्याला त्याला सांगत होते, "मुकादम मीच होणार, लिहून ठेवा."

मॅनेजरबाई वैतागून म्हणाल्या, "तुमचं तुम्ही निवडा. मत टाका आणि माझ्या डोक्याचा ताप घालवा."

मतपेटी कुठून आणायची? सगळ्यांचे डोळे माझ्यावर. भाऊंनी छिन्नी आणली आणि दोन घावांत माझ्या झाकणाला, बरोबर गुलाबांच्या मधोमध, तोंड पाडलं. मावशीनं आठ वर्षांत मला साधा ओरखडा पडू दिला नव्हता. भाऊंचा मला राग आला, तो असा.

मग सुरू झाली गंमत. आमच्या धुलाईघरात कुणी या देशातून आलेलं, कुणी त्या. एरवी सगळे एकाच टपात हात घालत. मत म्हटल्याबरोबर प्रत्येकाला आपलं गाव आठवलं.

"मतदान रविवारीच करतात," एक म्हणाला.

"छे! आमच्याकडे कामाच्याच दिवशी. रविवारी कोण उठतंय?"

"आणि पेन्सिल कुठाय?" घड्या घालणारी वहिनी म्हणाली. "आमच्याकडे पेन्सिलनंच खूण करतात."

"पेन्सिल? मग खोडरबरपण ठेवा शेजारी!"

"आजवर कुणी खोडलेलं नाही," वहिनी गाल फुगवून म्हणाली.

इस्त्रीवाले काका सर्वांच्या आधी रांगेत उभे. त्यांच्या देशात मत दिलं नाही तर दंड होतो. चिठ्ठी माझ्यात टाकून ते तिथेच अडून राहिले. "पावती द्या."

"कसली पावती, काका?"

"मी येऊन गेलो त्याची. उद्या कुणी विचारलं तर?"

शेवटी मावशीनं रिळाच्या वेष्टनावर 'काका आले होते' असं लिहून दिलं. काकांनी ते दोनदा वाचून खिशात घातलं.

डाग काढणाऱ्या ताईचं वेगळंच. तिला बोटाला शाई हवी होती. "शाई नाही तर मत दिलं हे घरी दाखवायचं कसं?" शाई नव्हती, म्हणून तिनं कपड्यांच्या निळीत बोट बुडवलं आणि बाकीच्यांनाही बुडवायला लावलं. त्या दिवशी हॉटेलच्या चाळीस पांढऱ्याशुभ्र उशांवर निळी बोटं उमटली. पाहुण्यांना ती नक्षी वाटली, एकीनं तर असले अभ्रे कुठे मिळतात म्हणून चौकशी केली.

खरा घोळ पुढेच होता. मॅनेजरबाईंनी प्रत्येक चिठ्ठीवर दोन नावं छापली होती आणि खाली एवढंच, 'एका नावावर फुली मारा.'

मोजणी झाली. मावशीच्या नावावर सहा फुल्या, भाऊंच्या नावावर तीन. ताईनं टाळ्या पिटल्या. मावशीनं डोळ्यांना पदर लावला. इतक्यात चादरींची गाडी ढकलणारा दादा हळहळला, "अरेरे, मावशी! सहा जणांनी तुम्हाला काट मारली?"

"काट मारली? अरे, निवडलं!" ताई म्हणाली.

"फुली मारून? आमच्याकडे नको त्या नावावर काट मारतात. हवं ते नाव तसंच ठेवायचं. मी भाऊंवर मारली. माफ करा हं, भाऊ."

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. कोपऱ्यातून आणखी दोघं पुटपुटले की त्यांनीही काटच मारली होती, पण कुणावर ते सांगणार नाहीत. भाऊ तर बाह्याच सरसावून उठले. "फुली म्हणजे काट! शाळेत मास्तर चुकलेल्या गणितावर काय मारायचे? निवडून मीच आलो!"

मॅनेजरबाईंनी कपाळावर हात मारला. मावशी आपल्या जागेवर गेली आणि रिळं पिशवीत भरू लागली. मला वाईट वाटलं, खूप वाईट. माझं पोट रिकामं होतं आणि तरी जड झालं होतं.

मग तीच मावशी कात्री घेऊन परत आली. "माझ्या माहेरच्या देशात प्रत्येक उमेदवाराची चिठ्ठीच वेगळी असते," ती म्हणाली. "नवीन चिठ्ठ्या घ्या, नावं कापून सुटी करा. हवं ते नाव डब्यात टाका, नको ते भिजवणीच्या टपात. फुली नाही आणि काट नाही. हरले तर मी संध्याकाळी निघेन."

यावर कुणालाच तक्रार सुचली नाही. काकांनी तेवढी दुसरी पावती मागितली.

आता कान इकडे करा. चिठ्ठी कोण टाकतंय ते मला दिसतं, माझ्या तोंडाशीच हात येतो ना! मावशीचा हात आला, सुईनं टोचलेल्या बोटांचा, आणि त्यात चिठ्ठी होती भाऊंची. स्वतःच्याच नावाला मत देणं तिला हावरेपणाचं वाटतं, आईची तशी शिकवण. मी मनात म्हटलं, बाई गं, खुर्ची घालवलीस!

सगळ्यात शेवटी भाऊ आले. भाजल्याचा डाग असलेला तो अंगठा माझ्या तोंडाशी क्षणभर थांबला. त्यांनी मागे वळून पाहिलं. मावशी भिंतीला टेकून खोकत होती. आणि त्यांनी जी चिठ्ठी आत सोडली, तिच्यावर मावशीचं नाव होतं.

मावशी पाच, भाऊ चार.

"घोटाळा!" भाऊ गरजले. "डबा मावशीचा, म्हणून निकाल मावशीचा! मी हे मानत नाही!"

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मावशी काचेच्या खोलीत बसते आणि मी तिच्या टेबलावर. माझ्या फाटक्या तोंडातून सुया सांडतात, गुलाबांवर गंज चढलाय. भाऊ रोज चहाला येतात, माझ्यावर टिचकी मारतात आणि म्हणतात, "हाच तो लबाड डबा! यानंच मला पाडलं."

मावशी हसते. तिला काही ठाऊक नाही. मीही चोर ठरून गप्प बसतो. तुम्हालाही तेवढीच विनंती. तिथे कधी गेलात तर भाऊंचं गाऱ्हाणं पूर्ण ऐकून घ्या आणि मला खुशाल चार शिव्या घाला. त्यांना बरं वाटेल.