भिंतीकडचा पट्टा

वहिनींना एका जागी स्वस्थ बसवेल असा माणूस अजून जन्मायचा होता. इस्पितळाच्या धोबीखान्यात त्या इस्त्रीला उभ्या राहिल्या की चादरींचा डोंगर दुपारच्या आत सपाट. वर बाकीच्यांना टोमणे: "हात चालवा गं, तोंड घरी जाऊन चालवा." त्यांचा नवरा याच आवारात गवतकापणीला होता आणि सगळ्यांचा दादा होता, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. दादा जाऊन तीन वर्षं झाली, पण हाक तीच राहिली.

दादांचं मागे काही उरलं असेल तर ते मागच्या भिंतीलगत होतं. चार खाटा मावतील एवढा गवताचा पट्टा, आणि त्यात उगवणारी रानफुलं. वीतभर रोप, त्याला शर्टाच्या बटणाएवढं निळं फूल. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. दादा त्याला 'पिटुकली' म्हणायचे. आवारभर बडबड करत फिरणारा तो माणूस त्या पट्ट्याजवळ गेला की गप्प व्हायचा. "इथे यंत्र घालायचं नाही," एवढंच दुसऱ्यांना बजावायचा.

दादा गेले त्याच आठवड्यात वहिनी देखरेखीच्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "त्या पट्ट्याला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे, सांगून ठेवते." साहेब बिचारे साधे. ते मुकाट्याने हो म्हणाले, आणि तेव्हापासून तिथे कसलंही पातं फिरलं नाही. वहिनी रोज जेवणाच्या सुट्टीत दोन बादल्या पाणी घालायच्या. स्वयंपाकघरातून भाज्यांची सालं मागून आणायच्या, ती कुजवून त्याचं खत घालायच्या. स्वतःचा डबा उभ्याने संपवायच्या. लेकराचं करावं तसं केलं हो त्यांनी!

आणि झालं काय? पहिल्या वर्षी पट्टा निळा दिसला. दुसऱ्या वर्षी कुठे कुठे ठिपके. यंदा गवत कमरेला लागलं, हिरवंगार आणि माजलेलं, आणि त्यात शोधून शोधून सापडलं एक रोप. एकच. तेही गवतात गुदमरलेलं, फूल गळून गेलेलं, शेंड्याला हिरवं बोंड धरलेलं.

त्या दिवशी वहिनींनी उशीचा अभ्रा जाळला. वीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारी घड्या घालणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढं काय त्या फुलाचं? बाजारातून छानसं रोप आणू."

"तुला नाही कळायचं," वहिनी म्हणाल्या. "ते संपलं तर माझा माणूस दुसऱ्यांदा जाईल."

मैत्रिणीने जळका अभ्रा चिंध्यांत टाकला आणि साहेबांना कळू दिलं नाही.

त्याच आठवड्यात भावजी परत आले. म्हणजे दादांचे कापणीतले जोडीदार. दादा असतानाच त्यांची बदली दुसऱ्या इस्पितळात झाली होती, आता पुन्हा इथे. त्यांनी हातातली पिशवीसुद्धा ठेवली नव्हती तोच वहिनींनी त्यांना पट्ट्याशी नेलं. भावजींनी गवतात हात घातला, खालची ओली, कुजकी गादी चाचपली आणि विचारलं, "हे कापलं नाही कुणी?"

"कापायला देईन का मी?"

"अहो, दादा कापायचा की! दर वर्षी. बी पिकलं की विळ्याने जमिनीलगत. आणि सगळं गवत उचलून न्यायचा, काडी ठेवायचा नाही."

"थापा मारू नका भावजी. वीस वर्षं बघतेय मी."

"बॉयलर उघडतात त्या आठवड्यात कापायचा. तेव्हा तुम्ही नसायच्यात."

वर्षातून एकदा बॉयलर साफ करायला धोबीखाना आठवडाभर बंद असे, आणि त्या आठवड्यात वहिनी घरची माळे-फडताळं उपसत बसायच्या. आवारात फिरकायच्या नाहीत. परत यायच्या तोवर कोवळं गवत वर आलेलं असायचं. दादा बोलले नाहीत, यांनी विचारलं नाही.

"हे रोप वर्षाचंच," भावजी म्हणाले. "बी पडणार, रोप मरणार. त्या बीला उघडी माती हवी. इथे ते पडतंय गवताच्या गादीवर. आणि पिटुकलीला उपाशी जमीन लागते वहिनी. तुमचं खत सगळं गवताने खाल्लं."

"म्हणजे मीच मारलं."

भावजींना खोटं बोलता येत नसे. "मायेने केलंत," ते म्हणाले.

बोंड पिकायला आठ-दहा दिवस होते, आणि यंदा बॉयलरची सफाई पुढे गेली होती. ते दिवस धोबीखान्याने कसे काढले ते धोबीखान्यालाच ठाऊक. वहिनी इस्त्री टाकून पळायच्या, बोंड बघून यायच्या, पुन्हा पळायच्या. वारा सुटला की पदराचा आडोसा धरायच्या. एकदा त्यांनी रोपाभोवती उशीचा अभ्रा बांधला, तो भावजींनी सोडला. एकदा बोंड नखाने उकलून बघायला गेल्या, तेव्हा मात्र ते कडाडले, "हात मागे! हिरवं फोडलंत तर बसा मग रडत."

नवव्या दिवशी बोंड तपकिरी झालं. भावजींनी कानाशी हलवायला सांगितलं. आत बारीक खुळखुळलं. वहिनींनी ते तळहातावर झटकलं, तर मोहरीहून बारीक चौदा बिया. त्या त्यांनी मुठीत अशा धरल्या की बोटं पांढरी पडली. मग भावजींनी त्या कागदाच्या पुडीत ठेवल्या आणि दोघं कामाला लागले.

विळा वहिनींनीच चालवला. पहिल्या फटक्याला हात अडला, डोळे भरले, पण थांबल्या नाहीत. दुपारपर्यंत पट्टा बोडका. भावजींनी दाताळ्याने कुजकी गादी ओरबाडून काढली, गवताचे भारे बाहेर नेले. तीन वर्षांनी माती दिसली. वहिनींनी बिया पसरल्या, त्या कुठे पडल्या तेही दिसेना.

"पाणी आणू?"

"नको."

"वर थोडं खत?"

"अजिबात नको."

"जाळी तरी लावते, पाखरं खातील."

"नको वहिनी."

"मग मी करू काय?"

"काही नाही. आता काही करायचं नाही."

वहिनी मटकन खाली बसल्या आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या. भावजी घाबरले.

"हे गेले त्या दिवशी डॉक्टरही हेच म्हणाले होते," त्या हुंदक्यांतून म्हणाल्या. "काही करायचं नाही, फक्त जवळ बसा. मला बसवेना हो! मी अंथरूण बदललं, पाणी गरम केलं, औषधाला खाली धावले. हे म्हणत होते, बस गं जरा. मी म्हटलं, आलेच. आणि वर आले तोवर..."

भावजींनी भिंतीशी सावलीत एक पोतं अंथरलं. वहिनी त्यावर सरकल्या. धोबीखान्याची घंटा झाली तरी उठल्या नाहीत.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी आहे इथे."