धनुर्वाताची खोली

सत्यभामेने देवमनच्या नाकातल्या रबरी नळीला नरसाळे जोडले आणि दूध सोडायला सुरुवात केली. हात उंच धरावा लागे, खांदा भरून येई. पण घाई केली की दूध उसळे, देवमनला ठसका लागे, आणि ठसका लागला की त्याचे सगळे अंग कमानीसारखे उचलले जाऊन डोके आणि टाचा तेवढ्या खाटेला टेकत. म्हणून ती श्वासही जपून घेत होती.

खिडकीला काळे कांबळे ठोकले होते. उजेड नको, आवाज नको, धक्का तर मुळीच नको, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. निमित्त शेतात पायाला वखराची पास, त्याचे लोखंडी पाते, लागल्याचे. जखम भरूनही आली होती, आणि मग एका सकाळी भाकर खाताना तिच्या या धाकट्या भावाचे तोंडच उघडेना. सत्यभामा दोन दिवसांसाठी म्हणून अकोल्याहून अमरावतीला आली, ती या खोलीतच राहिली. आई केव्हाच गेलेली, देवमनचे लग्न व्हायचे होते, आणि तिवस्याजवळच्या गावी बाप, खुशालराव, दम्याने अंथरुणाला खिळलेला. बसायला दुसरे होते कोण? बांगड्यांवर तिने फडक्याची पट्टी गुंडाळली होती, जोडव्यांवर चिंध्या. बोलायची सवय मोडत चालली होती. केसांना फणी लागून किती दिवस झाले हे तिलाही सांगता आले नसते. त्यांच्या जटा झाल्या होत्या आणि त्याचे तिला काही वाटत नव्हते.

दूध संपले. दारातून नर्सने तिला बाहेर खुणावले.

अंगणातल्या लिंबाखाली तिचा काका सहदेव उभा होता. डोक्यावरून उपरणे घेतलेले. जवळ गेल्यावर तिला दिसले, काकाला मिशा नव्हत्या. तिने लिंबाच्या खोडावर हात टेकला.

"कधी?"

"परवा सकायी. दम लागला, उठून बसला, पानी मांगतलं. पानी आनेपर्यंत गेला."

"मले काहून नाही बोलावलं?"

"तुले बोलावलं असतं तं ह्याच्यापाशी कोन बसलं असतं, माय?"

ती खोडाची सुटलेली साल नखाने काढत राहिली.

"आग म्या देल्ली," काका म्हणाला. "पन लेक हाय तो. त्याले सांगा लागते. उद्या उठून मले म्हनन, मायाच बाप अन् मलेच नाही सांगतलं."

"उठू तं द्या पह्यले. आता सांगतलं तं दुसरी तिरडी निघन घरातून."

"अन् तुयं हे तोंड पाहून त्याले समजनार नाही?"

सत्यभामा तिथून निघाली ती सरळ नळावर गेली. शेजारच्या वॉर्डात नवऱ्यापाशी राहणारी इंदूबाई तिथे भांडी घासत होती.

"इंदूबाई, जरा तेल द्या मले. अन् फणी."

"अवो माय! आज कोनाच्या लग्नाले चालली?"

"भाऊ भेते मले पाहून."

"भेईनच. हडळ दिसून राहिली तू," इंदूबाई हसली आणि हात पुसून बाटली घेऊन आली.

बाप गेल्यावर सुतकात डोक्याला तेल लागत नाही, फणी फिरत नाही. सत्यभामेने ओंजळभर तेल टाळूवर थापले. जटा सोडवताना डोळ्यांना पाणी आले. तेवढे तिने येऊ दिले. फणीच्या नावावर खपून गेले. मग तोंड धुतले, ठसठशीत कुंकू लावले आणि आत गेली.

देवमन जागा होता. त्याने तिच्याकडे पाहिले आणि पाहतच राहिला. ती खाटेवर वाकून पुटपुटली, "काका आला होता. बाबा बरा हाय. तुई वाट पायते म्हने."

त्याने डोळे मिटले. आता झटका येईल म्हणून तिने दोन्ही हात पुढे केले. आला नाही. संध्याकाळपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत. औषध चांगले लागू पडले, असे नर्स म्हणाली.

गावी दहावा झाला असेल, तेरवी झाली असेल. सत्यभामा नरसाळे धरून बसलेली होती. रोज एकदा ती त्याच्या कानाशी तेच वाक्य म्हणे, बाबा बरा हाय, आणि ते म्हटल्यावर दिवसभर तिला अन्न गोड लागत नसे.

हळूहळू झटके विरळ झाले. कांबळ्याची एक बाजू सोडली. नाकातली नळी गेली, दातांच्या फटीतून चमचा जाऊ लागला. एका दुपारी ती त्याला पेज भरवत होती. दोन घोट गिळून त्याने मान बाजूला केली.

"बाबाले," तो म्हणाला. जीभ जड होती. "आग कोनं देल्ली?"

तिने चमचा वाटीत ठेवला.

"काकानं," ती म्हणाली. आणि मग, "तुले कोनं सांगतलं?"

"तूच. एवढ्या दिवसांत फणी नाही तुयाजवळ. त्या दिवशी काका आला, अन् तू तेल लावून आली."

"तवापासून माईत हाय तुले?"

त्याने पापण्या हलवल्या.

"मंग मी रोज सांगत होती ते..."

"आयकत होतो."

"अन् तुले झटका नाही आला?"

"आला असता तं तुले वाटलं असतं, तुयाच्यानं आला." तो थांबला. आखडलेला ओठ एका बाजूने हलला, हसल्यासारखा. "दात तं आवळेलच होते, आक्का."

तिने पदराने त्याची हनुवटी पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"तू रडली का?"

"कुठं रडू? इथं?"

"आता रड. मले काही होत नाही."

सत्यभामेने वाटी खाली ठेवली, पदर तोंडाशी नेला आणि वाट पाहिली. रडू येईना. इतके दिवस दाराशी अडवून ठेवलेले ते कुठेतरी निघून गेल्यासारखे झाले होते. अंग मात्र सैल पडत चालले. खाटेच्या कडेला तिने डोके टेकले, पदर तसाच तोंडाशी राहिला, आणि दोन-चार श्वासांत तिला झोप लागली.

बाहेर व्हरांड्यात कोणाच्या तरी हातून बादली पडली. देवमनचा पाय थरारला. त्याने खाटेचा गज घट्ट धरला, ताण अंगातून उतरेपर्यंत धरून ठेवला. नर्स घाईघाईने दारात आली. त्याने गजावरचा हात सोडवला आणि तिला थोपवायला ओठांवर बोट ठेवले.