मर्यादेचा स्क्रू

मी मोटरचा ड्रायव्हर बोलतोय. गाडी हाकणारा माणूस नव्हे. काडेपेटीएवढी हिरवी सर्किटची पट्टी. चिंचपोकळीला मनमोहनच्या गाळ्यात भांड्यांवर नावं कोरायचं मशीन आहे. त्याची मोटर एकेक पाऊल टाकत सरकते आणि तिला करंट किती द्यायचा ते मी बघतो. मर्यादेबाहेर थेंबभरही देत नाही. ती मर्यादा माझ्या अंगावरच्या तिळाएवढ्या स्क्रूवर ठरते.

माणसांना मर्यादा म्हणजे कंजुषी वाटते. रुळांत पितळेचा भुगा साचला आणि मशीन अडखळू लागलं. भुगा झाडायचा सोडून मनमोहनने माझा स्क्रू पिळला. "घे, पी अजून!" म्हणाला. मोटर चटका बसेल इतकी तापली, मीही तापलो. मला ह्या माणसाचा वीट आला. सगळी भिस्त माझ्यावरच्या छोट्या पंख्यावर होती.

मग खंडेनवमी आली, हत्यारांची पूजा. मला हळदकुंकू लावलं आणि पंख्यावर झेंडूचा ओला हार घातला. पाती अडकली. दसरा होऊन गेला, तरी हार तिथेच.

"अहो, काढा ना तो हार. कुजलाय, वास मारतोय," त्याची बायको दुर्गा म्हणाली.

"पूजेचा आहे गं. सुकला की समुद्रात सोडू."

कुजक्या पाकळ्यांचं पाणी माझ्या अंगावर ओघळत होतं. शी! ज्याला पुजता त्यालाच शिजवता?

अशातच मच्छीमार नगरातून तुळसा आली. पिशवीतून तिने जुनी पितळी परात काढली. नवरा, तुळशीदास, बोटीवरून आला की हिच्यातच जेवायचा. त्याच्या वर्षश्राद्धाला, त्याचं नाव घालून, ती परात देवळाला द्यायची होती.

"नाव नीट येऊ दे, भाऊ. त्याची येवढीच वस्तू राहिलीय घरात."

'तुळशी' सुरेख उमटलं. तेवढ्यात मी इतका तापलो की आपोआप बंद पडलो. क्षणभराने पुन्हा लागलो, पण मोटर मागेच राहिली होती आणि मशीनला त्याचा पत्ता नव्हता. 'दास' सगळा 'तुळशी'वरच कोरला गेला.

तुळसाने त्या खरवडलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"चालतंय मावशी, वाचता येतं," मनमोहन म्हणाला. मला त्याची शिसारी आली.

तिने माझ्यावरचा हार ओढून काढला आणि परातीत त्या नावावर ठेवला. "हार हितं पायजे, भाऊ," एवढंच बोलली आणि परात छातीशी धरून निघून गेली.

माझा पंखा लगेच फिरू लागला. पूजेचा हार असा उतरला म्हणून मनमोहनने घाबरून मला हात जोडले, आणि मग स्क्रू आणखी थोडा पिळला.

बाबांनो, मला नमस्कार नको. त्या हातांनी आधी भुगा झाडा.